नवख्या क्वार्टरबॅकवर जुगार खेळावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्चमध्ये एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या) करारमुक्त खेळाडूंची खरेदी सुरू होते आणि एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट येतो, म्हणजे संघ आळीपाळीने, फेरीफेरीने कॉलेजमधले खेळाडू निवडतात. या दोन महिन्यांत अमेरिकेतल्या मराठी घरांत, आणि रात्र जागवून सामने बघणाऱ्या पुण्या-मुंबईतल्या मंडळींतही, एक वाद हमखास रंगतो: आपल्या संघाने त्या अमक्या पोरावर एवढे पैसे लावावेत का? मी ह्यूस्टनचा चाहता आहे आणि या संघाने या प्रश्नाची बरी-वाईट सगळी उत्तरं देऊन पाहिली आहेत. त्यामुळे इथे ह्यूस्टनचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल.

हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे ना?

नाही, हा अमेरिकन फुटबॉल. ३२ संघ आणि नियमित हंगामात प्रत्येकी १७ सामने (२०२१पासून, त्याआधी १६). आक्रमणाचा जवळजवळ प्रत्येक डाव क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होतो. समोरच्या बचावाची मांडणी ओळखायची, गरज पडली तर ऐनवेळी डाव बदलायचा, आणि अंगावर धावून येणारे पोहोचायच्या आत चेंडू कोणाकडे फेकायचा ते ठरवायचं. चेंडू हातात आल्यावर या शेवटच्या निर्णयाला त्याला मिळतात जेमतेम अडीच-तीन सेकंद. बाकीच्या जागांवर एखादा खेळाडू कमकुवत असला तर त्याला झाकता येतं. क्वार्टरबॅकला झाकायला जागाच नसते.

'नवखा' कोणाला म्हणायचं?

दोन प्रकार आहेत. एक, कॉलेजमधून थेट ड्राफ्टमध्ये आलेला. दुसरा, एखाद्या मोठ्या क्वार्टरबॅकच्या मागे दोन-तीन वर्षं बाकावर बसलेला, ज्याला दुखापतीमुळे वगैरे मोजकेच सामने मिळाले आणि त्यात तो चमकला. जास्त फसवणारा हा दुसरा प्रकार. त्याचा खेळ एनएफएलमध्ये दिसलेला असतो, त्यामुळे तो सिद्ध झाल्यासारखा वाटतो. पण पहिले पाच-सात सामने तो समोरच्यांना अनोळखी असतो. पुढे त्याच्या चित्रफिती जमतात, दबाव आला की तो कुठल्या बाजूला पळतो, कुठला पास टाकायचं टाळतो हे बचावाच्या प्रशिक्षकांना कळतं. त्यानंतर तो काय करतो यावर त्याची खरी पारख होते. निदान एक पूर्ण हंगाम पाहिल्याशिवाय मी कोणालाही सिद्ध म्हणणार नाही.

मग सरळ सांगा: घ्यावा की नाही?

घ्यावा. पण त्याला सिद्ध खेळाडूचा भाव देऊ नये आणि त्याच्यापायी दुसरे सगळे मार्ग बंद करू नयेत.

घ्यावा असं म्हणतो, कारण संघांपुढे फारसा इलाज नसतो. भरात असलेला उत्तम क्वार्टरबॅक खुल्या बाजारात सहसा येतच नाही, त्याचा संघ त्याला सोडत नाही. कोणी आलाच तर काही ना काही दुखणं घेऊन येतो. ड्रू ब्रीस २००६ मध्ये न्यू ऑर्लीन्सला आला तो खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर, पेटन मॅनिंग २०१२ मध्ये डेन्व्हरला आला तो मानेच्या शस्त्रक्रियांनंतर. त्यामुळे बहुतेक संघांना कधी ना कधी अजून न पारखलेल्या माणसावर विश्वास टाकावाच लागतो.

ऑस्वाइलरचं प्रकरण नेमकं काय होतं?

ब्रॉक ऑस्वाइलरला डेन्व्हर ब्रॉन्कोजने २०१२ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत घेतलं आणि तो मॅनिंगच्या मागे बसला. २०१५ मध्ये मॅनिंग जायबंदी झाला तेव्हा ऑस्वाइलर ७ सामने सुरुवातीपासून खेळला आणि त्यातले ५ संघाने जिंकले. बर्फात, जादा वेळेत न्यू इंग्लंडला हरवलेला सामना त्यातलाच. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात मॅनिंग परत आला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये डेन्व्हरने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

महिन्याभरात ह्यूस्टन टेक्सन्सने ऑस्वाइलरशी ४ वर्षांचा ७ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. त्यात ३ कोटी ७० लाख हमीचे होते. करारमुक्त खेळाडूंचा बाजार उघडण्याआधीच्या त्या दिवसांत संघांना एजंटशीच बोलता येत होतं, खेळाडूशी नाही. त्यामुळे मुख्य प्रशिक्षक बिल ओब्रायन आणि ऑस्वाइलर करार ठरेपर्यंत समोरासमोर भेटलेही नव्हते. ज्या माणसाबरोबर रोज तासन्‌तास बसून डाव आखायचे, त्याच्याशी एकदाही न बोलता चार वर्षांचं नातं जोडलं गेलं. आजही मला या प्रकरणातली हीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटते.

२०१६ च्या हंगामात त्याने १५ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) दिले आणि १६ चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात घातले. डिआंड्रे हॉपकिन्ससारख्या रिसीव्हरचे (पास झेलणाऱ्याचे) यार्ड, म्हणजे हंगामात मिळवलेलं अंतर, १,५२१ वरून ९५४ वर आले. ऑक्टोबरमध्ये डेन्व्हरला जुन्या संघासमोर खेळताना ४१ पासमध्ये जेमतेम १३१ यार्ड मिळाले. डिसेंबरमध्ये जॅक्सनव्हिलविरुद्ध त्याला सामन्याच्या मध्येच बाहेर बसवून राखीव क्वार्टरबॅक टॉम सॅव्हेजला आणलं, आणि तो सामना ह्यूस्टनने २१-२० असा जिंकला. बचावातला मोठा खेळाडू जे. जे. वॉट जखमी असूनही ह्यूस्टनचा बचाव त्या वर्षी यार्डांच्या हिशेबात लीगमध्ये पहिला होता. त्या बचावाच्या जोरावर संघ ९-७ (९ विजय, ७ पराभव) करून प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, गेला, एक सामना जिंकला आणि न्यू इंग्लंडकडून हरला.

त्यात दोष ऑस्वाइलरचा की संघाचा?

मी संघाला जास्त दोष देतो. डेन्व्हरमध्ये त्याच्यामागे तगडा बचाव होता आणि चार वर्षं त्याने त्याच संघात सराव केला होता. ह्यूस्टनमध्ये ओब्रायन यांची पद्धत अगदी वेगळी, न्यू इंग्लंडच्या वळणाची. तिथे चेंडू हातात येण्याआधीच क्वार्टरबॅकला बरंच काही वाचावं लागतं. ७ सामन्यांत दिसलं ते डेन्व्हरच्या मांडणीतलं यश होतं. ते दुसऱ्या मांडणीत उतरेल का, याची चाचणी कुठेच झाली नव्हती.

ऑस्वाइलरने समोर आलेला चांगला करार स्वीकारला. त्याच्या जागी कोणीही हेच केलं असतं.

पैसे गेले तर गेले, मालक श्रीमंत आहेत. चाहत्यांनी का चिंता करावी?

कारण एनएफएलमध्ये पैशाला छत आहे. प्रत्येक संघाला खेळाडूंवर वर्षाला ठरावीक रकमेइतकाच खर्च करता येतो, त्याला सॅलरी कॅप म्हणतात. २०१६ मध्ये ती १५ कोटी ५२ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. क्वार्टरबॅकवर वाया गेलेला प्रत्येक डॉलर हा न घेतलेला टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीतला) असतो किंवा न राखता आलेला कॉर्नरबॅक (पास अडवणारा बचावपटू) असतो. मालक कितीही श्रीमंत असला तरी तो खड्डा स्वतःच्या खिशातून भरू शकत नाही.

शिवाय खेळाडूला सोडलं तरी सही करताना दिलेल्या बोनसचा उरलेला भाग कॅपमध्ये मोजला जातोच. ऑस्वाइलर गेल्यावरही ह्यूस्टनच्या २०१७ च्या हिशेबात त्याचे ९० लाख डॉलर उभे होते.

आता पुढची साखळी बघा. मार्च २०१७ मध्ये ह्यूस्टनने त्याला क्लीव्हलँड ब्राउन्सकडे पाठवलं. त्याचा त्या वर्षीचा १ कोटी ६० लाखांचा हमीचा पगार क्लीव्हलँडने उचलावा म्हणून ह्यूस्टनने सोबत २०१८ च्या ड्राफ्टमधली दुसऱ्या फेरीची निवड, म्हणजे तिथे खेळाडू निवडायचा हक्क, दिली. नुसता बोजा उतरवण्यासाठी एवढी मोठी निवड देणं एनएफएलमध्ये न ऐकलेलं होतं. पुढच्याच महिन्यात क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनला घ्यायला वर सरकताना २०१८ ची पहिल्या फेरीची निवडही क्लीव्हलँडलाच दिली. ड्राफ्टमध्ये जास्त हरलेल्या संघाची पाळी आधी येते, आणि ह्यूस्टनचा २०१७ चा हंगाम ४-१२ असा गेल्यामुळे त्या दोन्ही निवडी फार वरच्या ठरल्या. क्लीव्हलँडने त्यातून चौथ्या क्रमांकावर डेन्झेल वॉर्ड आणि पस्तिसाव्यावर निक चब घेतले. दोघेही पुढे प्रो बोलला (हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला) गेले. ऑस्वाइलरला तर क्लीव्हलँडने २०१७ चा हंगाम सुरू होण्याआधीच सोडून दिलं होतं.

एकाच सामन्यात कोणी कमाल केली तर त्याला काही किंमत नाही का?

किंमत आहे, पण किती ते सिअॅटलकडून शिकावं. १ जानेवारी २०१२ रोजी ग्रीन बेने आपला मुख्य क्वार्टरबॅक आरन रॉजर्सला विश्रांती दिली आणि मॅट फ्लिनला उतरवलं. डेट्रॉइटविरुद्ध त्याने ४८० यार्ड आणि ६ टचडाउन केले, ग्रीन बे ४५-४१ असं जिंकलं. एनएफएलमध्ये सुरुवातीपासून खेळलेला तो त्याचा फक्त दुसरा सामना होता. मार्चमध्ये सिअॅटलने त्याला ३ वर्षांचा करार दिला, हमी सुमारे १ कोटी डॉलरची. सगळ्यांना वाटलं, सिअॅटलला क्वार्टरबॅक मिळाला.

पुढच्याच महिन्यात सिअॅटलने ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत, ७५ व्या क्रमांकावर रसेल विल्सनला घेतलं. उंचीने कमी म्हणून बाकीच्यांनी सोडलेला पोरगा. मग प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी सराव शिबिरात खरी चुरस लावली, नुसती नावापुरती नाही. विल्सन सरस दिसला, विल्सनच खेळला. फ्लिनला जास्त पैसे दिलेत म्हणून त्यालाच खेळवा, असा हट्ट कोणी धरला नाही. संघ ११-५ गेला आणि त्याच्या पुढच्या हंगामाअखेर, फेब्रुवारी २०१४ मध्ये डेन्व्हरला ४३-८ असं धुऊन सुपर बोल जिंकला. फ्लिनवरचा जुगार हरला आणि तरी संघाचं काही बिघडलं नाही, कारण पणाला लावलेली रक्कम झेपणारी होती आणि दुसरा दरवाजा उघडा ठेवलेला होता.

बाकावरच्या खेळाडूला आणून मोठं यश मिळाल्याची उदाहरणं आहेत का?

आहेत, आणि सर्वांत मोठं ब्रेट फार्वचं. अटलांटाने त्याला १९९१ मध्ये दुसऱ्या फेरीत घेतलं. तिथे त्याने एकूण ४ पास टाकले, एकही आपल्या माणसाला पोहोचला नाही, दोन प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. आकड्यांवर जायचं तर कोणी ढुंकूनही बघितलं नसतं. १९९२ च्या सुरुवातीला ग्रीन बेचे व्यवस्थापक रॉन वुल्फ यांनी या खेळाडूसाठी पहिल्या फेरीची निवड मोजली. पण वुल्फ अंधारात चाचपडत नव्हते. आदल्या वर्षी ते न्यू यॉर्क जेट्समध्ये असताना त्यांनी फार्वचा कॉलेजचा खेळ बारकाईने पाहिला होता, त्यांना तो हवाच होता, आणि जेट्सची पाळी येण्याच्या एक जागा आधी अटलांटाने त्याला उचललं होतं. फार्व पुढे १९९५ ते १९९७ असा सलग तीन वर्षं एमव्हीपी (हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू) ठरला आणि ग्रीन बेला सुपर बोल जिंकून दिला. बाहेरच्यांना जो जुगार वाटत होता त्यामागे एका माणसाचा पक्का अभ्यास होता. ऑस्वाइलरच्या करारात मला नेमकं तेच दिसत नाही.

ह्यूस्टननेही एकदा हे नीट केलं आहे. २००७ मध्ये मॅट शॉबला अटलांटाकडून आणलं, दोन दुसऱ्या फेरीच्या निवडी देऊन आणि पहिल्या फेरीतली जागा अदलाबदल करून. २००९ मध्ये ४,७७० यार्डांसह तो लीगमध्ये पहिला आला. जिमी गॅरोपोलो न्यू इंग्लंडकडे दोनच सामने सुरुवातीपासून खेळला होता. २०१७ च्या मध्यावर सॅन फ्रान्सिस्कोने त्याला दुसऱ्या फेरीच्या एका निवडीवर आणलं आणि त्याने लगेच पाचपैकी पाच सामने जिंकले. दोन वर्षांनी संघ सुपर बोलमध्ये होता.

मधलीही माणसं असतात. मॅट कॅसल कॉलेजमध्ये एकाही सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून सुरुवातीला उतरला नव्हता. २००८ मध्ये टॉम ब्रेडीचा गुडघा गेला आणि कॅसलने न्यू इंग्लंडसाठी १०-५ केलं. कॅन्सस सिटीने त्याला आणून ६ वर्षांचा ६ कोटी ३० लाखांचा करार दिला. २०१० मध्ये तो प्रो बोलला गेला, २०१२ मध्ये संघ २-१४ असा कोसळला आणि त्याला सोडलं. अशा खेळाडूवर संघ अडकून पडतात. पूर्ण फसला तर निर्णय सोपा असतो, अर्धवट चालला की वर्षं निघून जातात.

ड्राफ्टमधून घेणं जास्त सुरक्षित नाही का?

पैशाच्या दृष्टीने हो, २०११ पासून. त्याआधी ड्राफ्टच्या पहिल्या खेळाडूलाच डोळे फिरवणारे पैसे मिळत. २०१० मध्ये सॅम ब्रॅडफर्डला हमीचे ५ कोटी डॉलर मिळाले. २०११ च्या नव्या कामगार करारानंतर पहिला आलेल्या कॅम न्यूटनला मिळाले एकूण २ कोटी २० लाख. आता नवख्याचा करार चार वर्षांचा, ठरलेल्या पायरीचा असतो, आणि पहिल्या फेरीतल्यांना पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हातात राहतो. म्हणून स्वस्त आणि चांगला क्वार्टरबॅक ही आज कुठल्याही संघाची सर्वांत मोठी मिळकत आहे. उरलेल्या पैशात बाकीचा संघ बांधता येतो.

पारख मात्र तेवढीच अवघड आहे. २०२१ मध्ये पहिल्या १५ जणांत पाच क्वार्टरबॅक गेले: ट्रेव्हर लॉरेन्स, झॅक विल्सन, ट्रे लान्स, जस्टिन फील्ड्स, मॅक जोन्स. २०२४ चा हंगाम सुरू होताना त्यांतला एकटा लॉरेन्स आपल्या मूळ संघात होता.

लान्सचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं. सॅन फ्रान्सिस्कोने बाराव्या जागेवरून तिसऱ्या जागेवर जाण्यासाठी ती बारावी निवड, पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि एक तिसऱ्या फेरीची निवड दिली. लान्स नॉर्थ डकोटा स्टेटकडे १७ सामने सुरुवातीपासून खेळला होता, त्यातला २०२० मध्ये साथीमुळे फक्त एक. सॅन फ्रान्सिस्कोसाठी त्याने चारच सामन्यांत सुरुवात केली, त्यातल्या शेवटच्या सामन्यात घोटा मोडला, आणि २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीवर डॅलसला गेला.

शेवटून निवडलेले किंवा न निवडलेले खेळाडूही चमकतात ना? मग एवढी किंमत द्यावीच कशाला?

चमकतात. टॉम ब्रेडी २००० मध्ये १९९ वा गेला. कर्ट वॉर्नर तर निवडलाच गेला नव्हता. किराणा दुकानात रात्री माल लावणं, अरेना फुटबॉल (छोट्या बंदिस्त मैदानावरचा), आणि १९९९ मध्ये ट्रेंट ग्रीन जखमी झाल्यामुळे सेंट लुइसमध्ये संधी; त्याच हंगामात एमव्हीपी आणि सुपर बोल. लान्सच्या जागी सॅन फ्रान्सिस्कोला सापडलेला ब्रॉक पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा. २०२३ मध्ये साधारण ८ लाख ७० हजार डॉलर पगारावर त्याने संघाला सुपर बोलपर्यंत नेलं.

पण यावर योजना आखता येत नाही. योजना करता येते ती एवढीच की जवळजवळ दर वर्षी एक स्वस्तातला क्वार्टरबॅक संघात आणत राहायचा आणि त्याला सरावात खरोखर पाहायचं.

त्याला आणण्याआधी संघात काय तयार हवं?

त्याला वाचवणारी आक्रमणाची फळी. पुन्हा ह्यूस्टनच. २००२ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या या संघाने पहिल्या क्रमांकावर डेव्हिड कारला घेतलं आणि पहिल्याच हंगामात तो ७६ वेळा चेंडूसकट आडवा पाडला गेला. तो एनएफएलचा विक्रम आहे. २००५ मध्ये पुन्हा ६८ वेळा. सतत मार खाणारा क्वार्टरबॅक मैदानात दूर बघायचं सोडून अंगावर येणाऱ्यांकडे बघायला लागतो, आणि ती सवय पुढे सुटत नाही. कार चांगला होऊ शकला असता का, हे त्या फळीमागे कधी कळणारच नव्हतं. मला त्या पोराचं आजही वाईट वाटतं.

लगेच खेळवावं की बसवावं?

शक्य असेल तर एक वर्ष बसवावं. पॅट्रिक माहोम्स २०१७ मध्ये अॅलेक्स स्मिथच्या मागे बसला आणि हंगामाचा एकच शेवटचा सामना खेळला. पुढच्या वर्षी ५० टचडाउन आणि एमव्हीपी. ग्रीन बेने रॉजर्स आणि जॉर्डन लव्ह दोघांनाही तीन-तीन वर्षं थांबवलं. पण सी. जे. स्ट्राउड २०२३ मध्ये पहिल्या दिवसापासून खेळला आणि ह्यूस्टन १०-७ असं प्लेऑफमध्ये गेलं. आधीपासून बरा क्वार्टरबॅक संघात असेल तरच थांबणं परवडतं.

दुसरीकडे फसलेल्या खेळाडूवर डाव लावावा का?

अनेकदा हाच सर्वांत शहाणा डाव असतो, कारण भाव उतरलेला असतो आणि करार एक वर्षाचा करता येतो. सॅम डार्नोल्ड २०१८ मध्ये तिसरा निवडला गेला, जेट्समध्ये आणि कॅरोलिनात जमलं नाही. २०२४ मध्ये मिनेसोटाने त्याला एक वर्षासाठी १ कोटी डॉलरवर घेतलं. नवा पोरगा जे. जे. मॅकार्थी सराव सामन्यानंतर जायबंदी झाला आणि डार्नोल्डने ३५ टचडाउन करत १४-३ असा हंगाम दिला. नंतर सिअॅटलने त्याला ३ वर्षांचे १० कोटी ५ लाख देऊ केले. टँपा बेमध्ये बेकर मेफील्डचंही असंच झालं: २०२३ मध्ये एक वर्षाचा छोटा करार, २०२४ मध्ये ३ वर्षांचे १० कोटी.

आयपीएलच्या लिलावाशी याची तुलना होईल का?

थोडीच. आयपीएलमध्ये महागडा खेळाडू फसला तर हंगामानंतर त्याला सोडता येतं आणि त्याची रक्कम पुढच्या लिलावासाठी परत हातात येते. एनएफएलमध्ये हमीचे पैसे आणि बोनसचा उरलेला भाग मागे लागतो. शिवाय आयपीएलमध्ये फसलेला एक जण बाहेर बसवून बाकीचे दहा सांभाळून घेतात.

करारात काय बघायचं?

बातमीत छापलेला एकूण आकडा विसरा. हमीची रक्कम किती, आणि पहिल्या वर्षानंतर सोडलं तर कॅपवर किती राहतं, हे दोनच बघा.

पहिला हंगाम वाईट गेला तर सोडून द्यावं?

वाईट कसा गेला ते पाहावं. मॅनिंगने १९९८ मध्ये २८ पास प्रतिस्पर्ध्यांच्या हातात घातले आणि इंडियानापोलिस ३-१३ गेलं. पुढच्या वर्षी १३-३. बफेलोचा जॉश अॅलन २०१८ मध्ये ५२.८ टक्केच पास अचूक टाकत होता, १० टचडाउन आणि १२ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेले पास). बफेलोने त्याच्या फेकीवर मेहनत घेतली, पुढच्या वर्षी अचूकता ५८.८ टक्क्यांवर गेली. मार्च २०२० मध्ये पहिल्या फेरीची निवड मोजून स्टेफॉन डिग्ज हा रिसीव्हर आणला. त्या हंगामात अॅलनची अचूकता ६९.२ टक्के झाली आणि संघ १३-३ गेला. ६ वर्षांचा २५ कोटी ८० लाख डॉलरचा करार बफेलोने त्याच्याशी केला तो ऑगस्ट २०२१ मध्ये, हे सगळं मैदानावर दिसल्यावर.